केदाऽर म्हणजे राहणं: एका स्पॅनिश क्रियापदाचा भूतकाळ

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाला 'केदाऽर' हे क्रियापद बहुतेक वेळा इंग्रजीमार्फत भेटतं. शब्दकोश उघडला की अर्थांची रांगच लागते: थांबणं, उरणं, असणं, ठरणं, मापात बसणं, होणं. पाठ करायला बसलेला माणूस तिसऱ्या अर्थापाशी कंटाळतो. खरं तर या क्रियापदाला मराठीत जोडीदार तयार आहे. तो म्हणजे 'राहणे'. मी घरीच राहिलो. बरंच करायचं राहिलं. छत्री गाडीत राहिली. माझे दोन विषय राहिले. तो बघतच राहिला. सुटे राहू द्या. तिला दिवस राहिले. ही सातही वाक्यं स्पॅनिशमध्ये केदाऽरनेच होतात. इंग्रजीत मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्याला निराळं क्रियापद शोधावं लागतं. म्हणून मधली इंग्रजी काढून टाका आणि थेट मराठीवरून जा. मग दोनच गोष्टी शिकायच्या उरतात: 'राहणे' कुठे चालत नाही, आणि भूतकाळाच्या दोन रूपांपैकी कोणतं कधी घ्यायचं.

लिहिणं आणि उच्चार

रोमन लिपीतली अक्षरं स्पॅनिश नावांनी अशी: कु, उ, ए, दे, आ, एर्रे. 'कु'नंतरचा 'उ' मुका असतो. त्यामुळे 'क्वेदार' म्हणू नका, सरळ 'केदाऽर' म्हणा. मधलं अक्षर आपला 'द' आहे, 'ड' कधीच नाही. शिवाय दोन स्वरांमध्ये तो सैल पडतो. जीभ दातांना नुसती चाटून जाते, दाबत नाही. आपल्याकडच्या केदार नावाच्या हा शब्द इतका जवळ आहे की विसरायची सोयच नाही; फक्त जोर शेवटच्या अक्षरावर द्यायचा.

इथे 'ऽ' हे चिन्ह त्या क्रियापदाच्या रूपांत जोर कुठे पडतो ते दाखवण्यापुरतं आहे. ते ताणून म्हणायचं नाही, ठासून म्हणायचं. बाकीच्या शब्दांचे उच्चार लॅटिन अमेरिकेतल्यासारखे दिले आहेत, म्हणजे माद्रिदला जिथे 'थ' ऐकू येईल तिथे 'स'. वहीत मात्र सगळं रोमनमध्येच लिहा. देवनागरी फक्त तोंडाला वळण लागेपर्यंत.

मूळ लॅटिन शब्द क्विएतारे, म्हणजे शांत करणं. हालचाल थांबली, गोष्ट जागच्या जागी स्थिरावली, हा भाव या क्रियापदात अजून आहे. पुढे एका ठिकाणी तोच कामाला येणार आहे. ज्यांच्या घरात पोर्तुगीज बोललं जातं अशा गोवेकरांनी 'फिकार' आठवावं. केदाऽरची बहुतेक कामं पोर्तुगीजमध्ये ते करतं.

एकटं केदाऽर आणि 'से' लागलेलं केदाऽरसे

वस्तू उरली, शिल्लक राहिली, तर एकटं केदाऽर. माणूस कुठे थांबला, कशात तरी अडकला, कुठल्या तरी अवस्थेत गेला, तर 'मे, ते, से, नोस, ओस, से' यांपैकी आपल्या कर्त्याचा शब्द आधी लावून.

केदाऽन त्रेस उएबोस: तीन अंडी उरलीत.
मे केदेऽ एन कासा: मी घरी राहिलो, किंवा राहिले.

हा छोटा 'मे' गाळला की वाक्य भलतीकडे जातं. 'मे केदेऽ कोन आना' म्हणजे मी आनाजवळ थांबलो. 'केदेऽ कोन आना' म्हणजे मी आनाशी भेटायचं ठरवलं. 'मे केदेऽ कोन एल लिब्रो' म्हणजे पुस्तक मी ठेवून घेतलं. तीन वाक्यं, तीन वेगळ्या गोष्टी. दुकानात 'केऽदेसे कोन एल काम्बिओ' म्हणजे सुटे राहू द्या, हा याच तिसऱ्या अर्थाचा आर्जवी आज्ञार्थ. 2020च्या टाळेबंदीत स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत जे 'केऽदाते एन कासा' सगळीकडे लिहिलेलं दिसत होतं, ते म्हणजे घरीच राहा.

'माझ्याकडे उरलं' हे सांगताना मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. 'माझ्याकडे शंभर पेसो उरले' यात क्रियापद 'मी'कडे बघत नाही, पेसोकडे बघतं. स्पॅनिशमध्येही तसंच: मे केदाऽरोन सिएन पेसोस. इंग्रजीतून आलेल्याला इथे बराच वेळ लागतो. पण मराठीचा इथेच एक सापळाही आहे. 'एक पोळी उरली' आणि 'दोन अंडी उरली' यांत 'उरली' तेच राहतं, कारण एकवचनी स्त्रीलिंग आणि अनेकवचनी नपुंसकलिंग यांचा प्रत्यय एकच. कानावर विसंबलात तर दोन्हीकडे 'केदोऽ' येतं. म्हणून प्रत्यय ऐकू नका, वस्तू मोजा. एक असेल तर केदोऽ, जास्त असतील तर केदाऽरोन.

बारा रूपं

क्रियापद नियमित आहे, आणि अगदी सरळ नियमित. येगार म्हणजे पोचणं, बुस्कार म्हणजे शोधणं. ही क्रियापदंही ऐकायला नियमित आहेत, पण 'मी'च्या भूतकाळी रूपात त्यांचं स्पेलिंग बदलावं लागतं. केदाऽरचं काहीच बदलत नाही. शेवटचा 'आर' काढा आणि 'केद' या धातूला प्रत्यय लावा.

घडून संपलेला भूतकाळ, स्पॅनिश व्याकरणात 'इन्देफिनिदो':
यो केदेऽ (मी)
तू केदाऽस्ते (तू)
एल, एया, उस्तेद केदोऽ (तो, ती, आपण)
नोसोत्रोस केदाऽमोस (आम्ही, आपण सगळे)
बोसोत्रोस केदाऽस्तेइस (तुम्ही मित्रमंडळी, फक्त स्पेनमध्ये)
एयोस, एयास, उस्तेदेस केदाऽरोन (ते, त्या, तुम्ही सगळे)

चालू असलेला किंवा नेहमीचा भूतकाळ, 'इम्पेर्फेक्तो':
केदाऽबा, केदाऽबास, केदाऽबा, केदाऽबामोस, केदाऽबाइस, केदाऽबान.

दुसऱ्या ओळीत सहाही वेळा जोर 'दा'वरच आहे, म्हणून ती लवकर बसते. यातला 'ब' ओठ पूर्ण न मिटता म्हणायचा, म्हणजे तो 'ब' आणि 'व'च्या मध्ये कुठेतरी येतो. 'मी' आणि 'तो'चं रूप सारखंच असल्यामुळे गोंधळ होईल तिथे 'यो' किंवा 'एल' बोलून टाका.

पहिल्या ओळीत सगळा खेळ जोराचा आहे. केऽदो म्हणजे मी राहतो, केदोऽ म्हणजे तो राहिला. केऽदे म्हणजे 'राहो' अशा अर्थाचं रूप, केदेऽ म्हणजे मी राहिलो. लिहिताना फरक फक्त स्वरावरच्या तिरक्या रेघेचा, आणि ती रेघ विसरणं ही परीक्षेत हमखास होणारी चूक. चॅटमध्ये स्पॅनिश लोक स्वतःही ती रेघ गाळतात. त्यांचं बघून शिकू नका. 'केदाऽमोस' मात्र वर्तमान आणि भूत दोन्हींना तेच. 'आयेर' म्हणजे काल, असा एखादा काळाचा शब्द जोडला की प्रश्न मिटतो.

'तू'च्या रूपाला शेवटी 'स' लावून 'केदाऽस्तेस' म्हणणारे अनेक स्पॅनिशभाषक भेटतील. बोलण्यात ते चालून जातं, लेखी स्पॅनिशमध्ये चूक धरलं जातं.

आता 'तुम्ही'. एखाद्या मोठ्या माणसाला 'तुम्ही कुठे राहिलात?' विचारायचं तर मराठी मन अनेकवचनाकडे धावतं आणि 'केदाऽस्तेइस' बाहेर पडतं. ते चूक. एका माणसाला आदराने बोलताना 'उस्तेद', आणि त्याचं क्रियापद 'तो'चं: से केदोऽ. आदराचं अनेकवचन स्पॅनिशमध्ये क्रियापदावर दिसत नाही. स्पेनमधल्या चार मित्रांना 'ओस केदाऽस्तेइस', मेक्सिकोतल्या चार मित्रांना 'से केदाऽरोन'.

लिंगाच्या बाबतीत उलट सोय आहे. राहिलो-राहिले, राहिला-राहिली हा भेद स्पॅनिश क्रियापदात नाही. बाई असो की बुवा, दोघांनाही 'मे केदेऽ'. पण सोबत विशेषण आलं की लिंग परत येतं. डोळा लागला असं सांगताना पुरुष 'मे केदेऽ दोर्मिदो' म्हणेल, बाई 'मे केदेऽ दोर्मिदा'. हेच वाक्य सकाळी उशीर झाल्यावर 'उठायला उशीर झाला' या अर्थानेही वापरतात आणि ऑफिसात रोज कुणी ना कुणी वापरतंच. देशांची नावंही लिंग घेऊन येतात: 2022च्या फुटबॉल विश्वचषकात 'फ्रान्सिया केदोऽ सेगुन्दा', फ्रान्स दुसरं आलं. स्पॅनिशमध्ये फ्रान्स स्त्रीलिंगी, म्हणून सेगुन्दा.

कोणतं रूप कधी

पहिली कसोटी मराठीच्या कानानेच लावा. मराठीत साधं 'राहिलो, उरलं, ठरलं' येत असेल तर इन्देफिनिदो. 'राहायचो, राहत असे, राहत होतो' येत असेल तर इम्पेर्फेक्तो.

दे निन्यो मे केदाऽबा एन कासा दे मि आबुएला: लहानपणी मी आजीकडे राहायचो.
आकेल बेरानो मे केदेऽ दोस मेसेस: त्या उन्हाळ्यात मी दोन महिने राहिलो.

किती काळ गेला यावर काहीच अवलंबून नाही. बरेच जण इथे फसतात. गोष्ट लांबलचक होती म्हणून इम्पेर्फेक्तो घेतात. स्पेनमध्ये 2020 साली 14 मार्चला आणीबाणी जाहीर झाली आणि ती 21 जूनला संपली. तीन महिन्यांहून जास्त काळ, तरी त्याबद्दल बोलताना 'नोस केदाऽमोस एन कासा' असंच येतं, कारण त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत. मराठीतही आपण 'तीन महिने घरीच राहिलो' असंच म्हणतो. मोजलेला काळ वाक्यात आला की इन्देफिनिदो, हे जवळजवळ डोळे मिटून पाळा.

खरी अडचण आहे 'राहिलो होतो, उरलं होतं' या रूपाची. मराठीत हे रूप तीन वेगवेगळी कामं करतं आणि स्पॅनिशमध्ये त्या तिन्हींना वेगळी रूपं लागतात. या एका मुद्द्याला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या.

पहिलं काम: त्या वेळची स्थिती सांगणं. 'आम्ही पोचलो तेव्हा दोनच तिकिटं उरली होती.' इथे उरण्याची क्रिया कधी झाली याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. खिडकीशी उभं राहून काय दिसलं ते सांगायचं आहे. स्पॅनिशमध्ये इम्पेर्फेक्तो: सोलो केदाऽबान दोस एन्त्रादास. 'होती' दिसलं म्हणून 'आबिआन केदाऽदो' (हे रूप खाली तिसऱ्या कामात येईल) लिहिलं तर ऐकणारा 'मग पुढे काय झालं?' म्हणून थांबून राहतो. याउलट विक्री संपल्यावर हिशेब देताना 'शेवटी दोन तिकिटं उरली' म्हणजे केदाऽरोन दोस एन्त्रादास. पहिलं दृश्य, दुसरा निकाल.

दुसरं काम: नुसतीच जुनी गोष्ट सांगणं. 'गेल्या वर्षी आम्ही त्या हॉटेलात राहिलो होतो.' मराठीत हा 'होतो' केवळ अंतर दाखवतो. स्पॅनिशमध्ये साधा इन्देफिनिदो: एल आन्यो पासादो नोस केदाऽमोस एन एसे ओतेल. मराठीभाषकाच्या स्पॅनिश निबंधात सगळ्यात जास्त खटकतं ते इथलं अनावश्यक 'आबिआमोस'.

तिसरं काम: भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी झालेली गोष्ट. 'नऊला भेटायचं ठरलं होतं, पण तो आला नाही.' इथेच खरोखर 'आबिआमोस केदाऽदो' लागतं. ठरलं आधी, न येणं नंतर. वाक्यात हा आधी-नंतरचा जोड सापडला तरच हे रूप वापरा. नाहीतर 'होतं'कडे दुर्लक्ष करा आणि पहिल्या दोन कामांपैकी कोणतं आहे ते बघा.

काही अर्थांना काळ जणू नेमूनच दिलेला असतो. एखादी जागा कुठे होती हे सांगताना इम्पेर्फेक्तो: ला तिएन्दा केदाऽबा सेर्का, दुकान जवळच होतं. कपडा अंगावर कसा बसतो हे दुकानात घालून बघतानाचं सांगायचं तर ला ब्लुसा मे केदाऽबा ग्रान्दे, ब्लाउज ढगळ होत होता. तोच शिंप्याकडून शिवून आणल्यावर ढगळ निघाला तर मे केदोऽ ग्रान्दे. केलेल्या कामाचा निकाल नेहमी इन्देफिनिदोत. 'सूप मस्त झालंय' असं कुणाला म्हणायचं तर ला सोपा ते केदोऽ मुइ रिका. यातला 'ते' विसरू नका. सूप कुणाच्या हातचं, ते श्रेय त्यात आहे.

आजच घडलेल्या गोष्टीसाठी स्पेनच्या बऱ्याच भागात तिसरं रूप येतं, 'मे ए केदाऽदो', आणि आपलं 'राहिलोय' त्याच्या पुष्कळ जवळ आहे. मेक्सिको किंवा अर्जेंटिनात आजचंही साध्या 'मे केदेऽ'नेच सांगतात. सुरुवातीला एकच धरून ठेवायचं तर मे केदेऽ धरा. स्पेनमध्येही त्यामुळे गैरसमज होत नाही.

'राहणे' कुठे दगा देतं

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पत्ता. 'मी ठाण्यात राहतो' याला केदाऽर चालत नाही. तिथे बिबिर, म्हणजे जगणं, हे क्रियापद. 'ती दहा वर्षं नागपुरात राहिली' म्हणजे बिबिओ. चार दिवस पाहुणे म्हणून राहिलात तर मे केदेऽ. घर करून राहिलात तर बिबी.

दुसरं: क्रिया चालू राहणं. 'तो बघतच राहिला' हे से केदोऽ मिरान्दो असं हुबेहूब जुळतं, 'मी वाट बघत राहिले' हे मे केदेऽ एस्पेरान्दो असं. त्यावरून 'पाऊस पडत राहिला', 'तो चालत राहिला' यांनाही केदाऽरसे लावावंसं वाटतं. इथे तो लॅटिन अर्थ आठवा. केदाऽरसेमधला माणूस जागच्या जागी स्थिर असतो. बघत उभा राहिला, वाट बघत बसला, इथे ते बसतं. पाऊस किंवा चालणं पुढे पुढे चाललेलं असतं, तिथे सेगिर हवं: सिगिओ योबिएन्दो, सिगिओ कामिनान्दो. 'बोलत राहिलो' दोन्ही प्रकारे होतं, पण अर्थ वेगळे. 'सेगी आब्लान्दो' म्हणजे बोलणं थांबवलं नाही. 'मे केदेऽ आब्लान्दो' म्हणजे बाकीचे गेले तरी मागे थांबून बोलत बसलो.

तिसरं: 'राहू दे, मी करतो' यातलं राहू दे. तिथे देखार, म्हणजे सोडणं: देखालो.

उलट दिशेनेही थोडं सांभाळा. 'सिन' म्हणजे शिवाय, हा शब्द जोडला की केदाऽरसेचं मराठी बदलतं. मे केदेऽ सिन कोमेर म्हणजे उपाशी राहिलो, इथवर ठीक. पण नोस केदाऽमोस सिन लुस म्हणजे आमच्याकडची लाइट गेली, आणि से केदोऽ सिन त्राबाखो म्हणजे त्याची नोकरी गेली. मराठीत 'जाणे', स्पॅनिशमध्ये 'विना राहणे'. हा साचा एकदा लक्षात आला की पेट्रोल, पैसे, वेळ, सगळं त्यात बसतं.

देशाप्रमाणे फरक

विद्यार्थ्यांनी हे आधी वाचावं. स्पेनमध्ये 'मे केदाऽरोन दोस आसिग्नातुरास' म्हणजे माझे दोन विषय राहिले, अगदी आपल्यासारखं. मेक्सिकोत प्रवेश परीक्षेनंतर कुणी 'केदेऽ!' म्हणून ओरडला तर त्याची निवड झाली आहे. सांत्वन करायला जाऊ नका.

भेटायचं ठरवण्यासाठी नुसतं 'केदाऽमोस आ लास ओचो' हे स्पेनचं रोजचं बोलणं. मेक्सिकोत 'केदाऽमोस दे बेर्नोस' ऐकू येईल. 'केदाऽमोस एन' असं करून पुढे काय ठरलं ते सांगणं दोन्हीकडे समजतं. चर्चा लांबत चालली की विचारतात, 'एन के केदाऽमोस?' म्हणजे मग नक्की काय ठरलं?

वस्तू विसरून राहण्याचं 'से मे केदोऽ' लॅटिन अमेरिकेत जास्त चालतं. दिवस राहण्याला लॅटिन अमेरिकेत केदोऽ एम्बारासादा, स्पेनमध्ये बहुधा से केदोऽ एम्बारासादा. एम्बारासादाचा लाज वाटण्याशी काही संबंध नाही. तो गर्भवतीसाठीचा शब्द आहे.

एक संध्याकाळ, वाक्यावाक्याने

खालचा उतारा एका बाईच्या तोंडचा आहे. आधी मराठी झाकून वाचा.

आबिआमोस केदाऽदो आ लास नुएबे एन ला एस्तासियोन. मे केदेऽ दोर्मिदा इ येगे आ लास दिएस. से मे केदोऽ एल पाराग्वास एन एल त्रेन. एल रेस्तौरान्ते केदाऽबा लेखोस इ, कुआन्दो येगामोस, सोलो केदाऽबा उना मेसा. रोसा से केदोऽ मिरान्दो मि रोपा मोखादा. नो नोस केदाऽबा मुचो दिनेरो. आल फिनाल केदाऽमोस एन बेर्नोस ओत्रो दिया.

नऊला स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. माझा डोळा लागला आणि मी दहाला पोचले. छत्री गाडीत राहिली. हॉटेल लांब होतं आणि पोचलो तेव्हा एकच टेबल उरलं होतं. रोसा माझ्या ओल्या कपड्यांकडे बघतच राहिली. आमच्याकडे फारसे पैसे उरले नव्हते. शेवटी पुन्हा कधीतरी भेटायचं ठरलं.

मराठीत 'होतं, नव्हते' चारदा आलं आहे. स्पॅनिशमध्ये 'आबिआमोस' फक्त एकदाच, आणि तेही ठरणं हे उशिरा पोचण्याच्या आधीचं म्हणून. टेबल आणि पैसे ही त्या वेळची स्थिती, हॉटेल लांब असणं ही जागेची स्थिती. म्हणून तिन्हीकडे केदाऽबा. छत्रीच्या वाक्यात 'से मे' बघा. दोष छत्रीचा, माझा नाही. मराठीतही 'छत्री राहिली' म्हणताना आपण तेवढंच हुशारीने अंग काढून घेतो. शेवटचं केदाऽमोस वर्तमानासारखं दिसतं, पण 'आल फिनाल'मुळे गोष्टीतलं शेवटचं पाऊल कळतं.

सराव

पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशी फक्त इन्देफिनिदोची सहा रूपं, 'मे, ते, से, नोस, ओस, से' लावून मोठ्याने. जोर ऐकू आला पाहिजे, म्हणून फोनवर रेकॉर्ड करा आणि केऽदो-केदोऽ ही जोडी वेगळी कळते का बघा. दुसऱ्या दिवशी इम्पेर्फेक्तो. तिसऱ्या दिवशी दिवसभरात स्वतःच्या तोंडून मराठीत 'राहिलं, उरलं, ठरलं' येईल ते टिपून ठेवा आणि रात्री त्यातली पाच वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहा. चौथ्या दिवशी वरचा उतारा 'मी'ऐवजी 'ते' धरून पुन्हा लिहा. त्यात दोर्मिदाचं दोर्मिदोस झालं पाहिजे. पाचव्या दिवशी धातू बदला: आब्लार, सेनार, त्राबाखार. प्रत्यय तेच, आब्ले, सेनो, त्राबाखारोन. नवीन काहीच नाही.

शंका आली तर रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे. क्रियापद शोधलं की त्याची सगळी रूपंही मिळतात.

तिरक्या रेघेसाठी फोनवर तो स्वर दाबून धरला की पर्याय वर येतात. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पाटीवर 130 टाइप केलं तर रेघेचा 'ए', 160 ला 'आ', 162 ला 'ओ'. वरच्या बारा रूपांपैकी केदेऽ, केदाऽबामोस, केदोऽ या तीनच ठिकाणी ती रेघ लागते. इन्देफिनिदोच्या बाकी रूपांवर रेघ देऊ नका.

आता ही सहा वाक्यं करून बघा. काल आम्ही अकरापर्यंत ऑफिसात राहिलो. डब्यात एकच लाडू उरला होता. साहेब, तुम्ही कुठल्या हॉटेलात राहिलात? ती दहा वर्षं नागपुरात राहिली. पाऊस पडतच राहिला. बटाटे मस्त झालेत हं!

उत्तरं त्याच क्रमाने. आयेर नोस केदाऽमोस एन ला ओफिसिना आस्ता लास ओन्से. सोलो केदाऽबा उन लाडू एन ला काखा. एन के ओतेल से केदोऽ उस्तेद? बिबिओ दिएस आन्योस एन नागपूर. सिगिओ योबिएन्दो. लास पापास ते केदाऽरोन मुइ रिकास. स्पेनमध्ये असाल तर पापासऐवजी पातातास म्हणा. केदाऽरोन तसंच राहील.